टोकाचा वाफा

दिवाळी सरून थोडे दिवस झाले की आर्वीच्या बाजारात एका सकाळी हिरवा रंग एकदम वाढलेला दिसतो. मेथीच्या जुड्या, मातीसकट उपटलेले मुळे, सांबार म्हणजे कोथिंबीर, वालाच्या शेंगा, देठाला बारीक काटे असलेली लहान वांगी. भाजीवालीने शिंपडलेलं पाणी गोणपाटातून ठिबकत असतं. थंडी अजून अंगात शिरलेली नसते, नुसती कानांच्या पाळ्यांना लागते. मी एक वांगं हातात घेते, उगाच वळवून पाहते, खाली ठेवते. सून म्हणते, आई, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर चला. तिचं चुकत नाही. पण या दिवसांत ओल्या मातीचा वास आला की माझं पाऊल अडतं. ऐंशीच्या घरात आलेली मी त्या वासाबरोबर परकराच्या वयात जाते, आणि दर वर्षी त्याच एका हिवाळ्यात जाते.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाचा तो हिवाळा. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमचं गाव रोहण्यापासून कोसभर आत. जमिनी दान द्यायच्या गोष्टी त्या काळात आमच्या भागात रोज कानावर येत, आणि पारावर बसलेली माणसं त्यावर हसतही आणि विचारही करत. घरात आम्ही पाच जणं. बाबा, माय, थोरली इंदूताई, मधली मी, सुमी, आणि माझ्या पाठचा मुकुंदा.

इंदूताई देखणी होती. लांब केस, सरळ नाक. पण ती बोलत नसे. तिला आवाज नव्हता असं नाही. कधी ती एकाच सुरात तासभर गुणगुणायची. शब्द मात्र तिच्या तोंडून आले नाहीत. ती कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. पितळी भांडं हातातून पडलं, गावात डफ वाजला, की दोन्ही कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची, आणि मग मायने तिला पाठीमागून घट्ट धरून बसावं लागे. मुकुंदाचं वेगळं. तो जन्मला तेव्हा बराच वेळ रडला नाही म्हणे. त्याने मान कधी धरली नाही. हातपाय आपोआप ओढले जायचे, एकमेकांत अडकायचे. बसवला तर घडी पडल्यासारखा कलंडायचा. पण त्याला सगळं कळायचं, आणि तो हसायचा. त्याचे शब्द तोंडातच मोडत. ते फक्त मायला आणि मला लागायचे. दिवसभर तो घोंगडीवर उताणा पडलेला असे. लाकडी आढं, छपराच्या कवेलूंच्या फटीतून येणारं ऊन, एखादी चिमणी, एवढंच त्याच्या वाट्याचं जग.

आता या मुलांसाठी शब्द आहेत. शाळा आहेत, दारात गाडी येते. मध्यंतरी नातीकडे पुण्याला गेले होते, तेव्हा शेजारच्या घरात असाच एक मुलगा पाहिला. त्याला खास खुर्ची होती. पाठीला आधार, मानेला आधार, कमरेला पट्टा. तो त्या खुर्चीत सरळ बसून खिडकीतून रस्ता बघत होता. त्याची आई मला कौतुकाने सगळं समजावून सांगत होती. मी मान हलवत होते खरी, पण माझं लक्ष तिच्या बोलण्यावर राहिलं नव्हतं. आमच्या वेळी गावात दोनच शब्द होते. इंदूताईला येडी म्हणत, मुकुंदाला लुळा.

गाव वाईट नव्हतं. कोणी दगड मारला नाही, कोणी तोंडावर टाकून बोललं नाही. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दाराशी येता येता कुठेतरी थांबायचं. पोटुशी बाई समोरून आली तर रस्त्याची बाजू बदलायची. अशा वेळी माय पदर सारखा करायच्या निमित्ताने तोंड वळवी, म्हणजे त्या बाईलाही संकोच नको. विहिरीवर ती भर दुपारी जाई, बाकीच्या बाया गेल्यावर. तिला मैत्रीण नव्हती हे मला फार नंतर, मी स्वतः संसाराला लागल्यावर उमगलं.

त्या वर्षी दाजीबांनी आपल्या जमिनीतला एक तुकडा गावाला दिला. दाजीबा म्हातारे, विधुर, पोटी मूल नाही. काही वर्षं सेवाग्रामला राहून आलेले, त्यामुळे सूत कातत आणि सकाळी आपल्या दारापुढचा रस्ता स्वतः झाडत. नदीकडे उतरणारी ती जमीन काळीभोर होती, आणि वरच्या अंगाला गोड्या पाण्याची विहीर होती. त्यांचं म्हणणं असं, की हिवाळ्यात प्रत्येक घराने तिथे एकेक वाफा करावा आणि खाण्यापुरती भाजी पिकवावी. बैलजोडी असेल त्याने पाळीने मोट चालवावी. बैल नसतील त्याने पाण्याचे दांड, म्हणजे पाट, साफ ठेवावे. जागा कोणाच्या एकट्याच्या नावाची नाही. तिला कोणी नाव ठेवलं नव्हतं. लोक आपले ‘सर्व्यायची वाडी’ म्हणत.

वाफे वाटायला शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. मी बाबांच्या मागे खांबाला धरून उभी होते. बाबा उठून म्हणाले, एक वाफा आम्हालाही हवा, आम्ही घरची सगळी मिळून करू. यावर कोणी नाही म्हणालं नाही, पण होही म्हणालं नाही. मग गोदाआजी बोलल्या. गोदाआजी म्हणजे आमच्या आळीतल्या शंकरची आई. गावातल्या बाळंतिणींची निम्मी देखभाल त्याच करत, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“मास्तर, तुमी खुशाल या,” त्या म्हणाल्या. “पण लेकरं घरी ठेवजा. आमच्या यमुनीचे दिवस हायेत. तिची पहिली खेप हाये.”

यमुना त्यांची सून. ती ओसरीच्या कडेला खाली मान घालून बसली होती. बाबांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. दाजीबांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की उताराच्या अगदी टोकाला एक वाफा आहे. तिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं म्हणून तो कोणी घेत नाही, तो मास्तरांनी घ्यावा. मुलं तिथे राहतील, कोणाच्या मध्ये येणार नाहीत. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं.

घरी आल्यावर बाबा बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले. तो वाफा नकोच, असं त्यांच्या मनात होतं. माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, “शेवटचा तर शेवटचा. पाणी तं येईन ना तथी.”

असे आम्ही वाडीत गेलो. बाबा शाळेआधी कुदळ घेऊन जायचे, माय मुकुंदाला कडेवर घेऊन मागून, आणि मी इंदूताईचा हात धरून. सकाळची थंडी, तोंडातून निघणारी वाफ, तुरीच्या पिवळ्या फुलांवरचं दव. वरच्या अंगाला मोटेचं चाक करकरायचं. त्या आवाजाने इंदूताई पहिल्या दिवशी रस्त्यातच खाली बसली आणि कान दाबून घेतले. पण टोकाच्या वाफ्यापर्यंत तो आवाज पोचता पोचता इतका बारीक व्हायचा की तिथे ती शांत झाली. आम्हाला लांब ठेवण्यासाठी दिलेली ती जागा इंदूताईला सगळ्या वाडीत एकटीच मानवण्यासारखी होती. हे वाटणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं.

कोरड्या दांडातून येणारं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ते धावत येत नाही. त्याला पुढे एक तोंड असतं, मातकट, फेसाळ. त्या तोंडावर काडीकचरा, वाळकी पानं आणि जीव मुठीत धरून पळणाऱ्या मुंग्या. प्रत्येक भेगेशी ते थांबतं, भेग भरेपर्यंत खाली उतरतं, आणि मग पुढे सरकतं. इंदूताई त्या तोंडाशी वाकून तासन्‌तास बघायची. मग ती त्याच्याबरोबर चालायला लागली. रोज थोडी वर, थोडी आणखी वर, असं करत शेवटी ती विहिरीच्या थारोळ्यापर्यंत, मोटेचं पाणी पडतं तिथवर गेली. मोटेच्या आवाजापाशी तिने कान दाबून ठेवले, पण पळाली नाही. तिथून पाण्याच्या तोंडाबरोबर एकेक पाऊल टाकत ती खाली आली, सगळ्यांच्या वाफ्यांना वळसा घेत, टोकापर्यंत. पाणी थांबलं की ती थांबायची. पाणी निघालं की ती निघायची.

पहिल्यांदा बायांनी पोरं पदराआड घेतली. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की इंदू वळणावर दिसली म्हणजे पाणी आलं. आता वाफ्याचं तोंड उघडायचं. वाकून निंदण करणाऱ्या बायांना पाणी कुठवर आलं ते दिसत नसे, इंदूताई दिसायची. “इंदू आली वं, पाणी घ्या,” असं वरची बाई खालचीला ओरडून सांगायची. तिच्या नावापुढे येडी लावायचं कधी बंद झालं, ते कोणी ठरवलं नव्हतं.

मुकुंदाचं बसणं असंच न ठरवता झालं. वाफ्याच्या कोपऱ्यात केळीचा कंद लावायला बाबांनी खड्डा घेतला होता. मायचा एक हात मातीचा, दुसऱ्यावर मुकुंदा, आणि वाफ्याचं तोंड अचानक फुटलं. खाली ठेवावं तर सगळीकडे चिखल. तिने घाईघाईत त्याला त्या कोरड्या खड्ड्यात सोडलं आणि ती पाण्याकडे धावली. परत आली तेव्हा मुकुंदा बसलेला होता. चारी बाजूंच्या मातीने त्याला कमरेपासून काखेपर्यंत धरलं होतं. पाय खाली अडकून राहिले होते, म्हणून ओढले जात नव्हते. पाठ सरळ, मान थोडी डुलत होती पण वर. त्याचे डोळे इतके मोठे झाले होते, की त्याला काही चावलं असं मला वाटलं. तो म्हणाला, “बछो. माय, बछो.”

तो बसला होता. जन्मल्यापासून पहिल्यांदा, कोणाच्या हाताशिवाय.

बाबांनी केळ दुसरीकडे लावली. तो खड्डा त्यांनी खुरप्याने मुकुंदाच्या मापाने कोरला. पाठीकडे उतार दिला, तळाला कडबा घातला, त्यावर पोतं. पुढे मातीचा सपाट कट्टा ठेवला, म्हणजे त्याचे हात टेकतील. त्या कट्ट्यापलीकडे वांग्याची रोपं होती. मुकुंदाचं तोंड त्या रोपांच्या उंचीला आलं होतं. जग आता त्याच्या वर नव्हतं, समोर होतं. पानाखालची अळी, वांग्याच्या जांभळ्या फुलात शिरणारा भुंगा, लांबून पाण्याबरोबर चालत येणारी बहीण. प्रत्येक गोष्ट तो आम्हाला ओरडून सांगायचा, जशी काही ती आम्हाला माहीतच नव्हती.

गोदाआजींनी वरून पाहिलं तर त्यांना फक्त जमिनीतून वर आलेलं डोकं दिसलं. त्या लुगडं आवरत, ढेकळं तुडवत खाली आल्या.

“मास्तरीणबाई, लेकराले जित्तं गाडलं काय वो?”

“गाडलं नाई, आजी,” माय म्हणाली. “बसोलं.”

आणि ती हसली. मायला दात दिसतील असं हसताना मी त्याआधी पाहिलं नसावं, कारण ते हसू पाहून मला कोणी परकी बाई समोर आल्यासारखं झालं. गोदाआजी उकिडव्या बसल्या. त्यांनी त्या खड्ड्याची कड हाताने चाचपली, मुकुंदाच्या पाठीमागे बोटं घालून जागा किती ते पाहिलं. मुकुंदाने त्यांना अळी दाखवली. त्यांना त्याचा शब्द कळला नाही, पण बोट कळलं. अळी काढून त्या निघून गेल्या.

पौषात वाडी अशी भरली की वाफ्यांमधली माती दिसेना. आळीतली मुलं दुपारी आमच्या टोकाकडे यायला लागली. त्यांना दुकान-दुकान खेळायला कट्टा मिळाला होता आणि कट्ट्यामागे बसलेला दुकानदार. मुकुंदा दुकानदार. गिऱ्हाईक आलं की तो खदखदून हसायचा आणि हवं त्याऐवजी भलतंच द्यायचा. मोठ्यांना न कळणारे त्याचे शब्द पोरांना आठवड्याभरात कळू लागले. माय आता दुपारपर्यंत थांबत नसे, बायांबरोबर सकाळीच विहिरीवर जाई. कोणीतरी तिला सांडग्यांचं विचारे, ती कोणाला तरी भेदराचं, म्हणजे टमाट्याचं, रोप देई. आणि यमुना, दिवस भरत आलेली यमुना, एकदा सासूची नजर चुकवून खाली आली. बांधावर बसून ती मुकुंदाच्या दुकानातून ढेकूळ विकत घेऊन गेली.

त्या दिवसांविषयी लिहिताना मला इथेच थांबावंसं वाटतं. आठवणीला तशी सोय असती तर मी पौषाच्या पुढे गेले नसते.

माघात आभाळ आलं. आमच्याकडे कधीकधी येतं तसं, गहू ओंबीवर असताना. गारा पडल्या आणि मग नुसती बारीक रिपरिप. काही दिवस कोणी वाडीत गेलं नाही. मुकुंदा घोंगडीवर पडून आढ्याकडे पाहत रडायचा. त्याला वाडीत न्या म्हणायचा. त्याला खोकला होता, पण तो दर हिवाळ्यात असे. मग ऊन पडलं. माय त्याला घेऊन गेली. खड्ड्यातला ओला कडबा तिने काढून टाकला, नवा घातला, वर दोन पोती टाकली. हात फिरवून पाहिलं, कोरडं लागलं. तो दिवसभर बसला. दुकान मांडलं. संध्याकाळी त्याचं अंग तापलं.

गोदाआजींनी छाती शेकली, काढा दिला. ताप उतरेना, श्वासाचा आवाज यायला लागला, तेव्हा शंकरने न सांगता बैल जुंपून आपली दमणी आमच्या दाराशी आणली. यमुना तेव्हा बाळंत होऊन घरात होती, मुलगा झाला होता. तशा घरातून उठून तो आला. आर्वीच्या डॉक्टरांनी मुकुंदाला नीट तपासलं, सुई दिली. ते बाबांशी मोठ्या कळकळीने बोलले. अशा मुलांची छाती मुळात कमजोर असते, त्यांना कफ बाहेर टाकता येत नाही, कधीतरी हे यायचंच असतं, असं त्यांनी सांगितलं. मुकुंदाला दोन दिवस तिथे ठेवून घेतलं, आणि मग घरी न्या म्हणाले. त्याचा अर्थ बाबांना कळला होता.

परत येताना, नदी ओलांडायच्या आधीच, मुकुंदा मायच्या मांडीवर गेला. बाबा दमणीच्या बाजूने चालत होते, शंकर पुढे बैलांपाशी. मायने कोणाला सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला होता, तो तसाच धरून ती घरापर्यंत आली. दाराशी दमणी थांबली आणि बाबांनी त्याला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा ती म्हणाली, “हळू घ्या. गेला तो.” हे मी दारात उभी राहून ऐकलं.

लहान मुलाला आमच्याकडे पुरतात. बाबा, शंकर आणि दाजीबा नदीकडे गेले आणि परत आले. तिथे कुदळ कोणी चालवली, हे मी बाबांना कधी विचारलं नाही. मात्र त्यानंतर वाडीत खणायचं काम आलं की बाबा ते दुसऱ्याला सांगत.

आलेल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. दुःख त्यांनाही होतं. मुकुंदाच्या दुकानातून त्यांच्या पोरांनीही ढेकळं नेली होती. पण बोलता बोलता एक जण म्हणाली, भुईचा गारवा भिनला लेकराच्या अंगात, ओल्या जमिनीत बसोत नाई. दुसरीने तिला डोळ्याने गप्प केलं. माय आत भिंतीला टेकून बसली होती. तिने ऐकलं. तिच्या तोंडावर काही हललं नाही, नुसता तळवा तिने जमिनीवर सपाट टेकवला आणि तसाच ठेवला, जणू किती गार आहे ते पाहत होती.

ती वाडीत जायची थांबली. विहिरीवर पुन्हा दुपारी जायला लागली.

इंदूताई मात्र जात राहिली. पाणी सुटायच्या वेळेला ती दारात जाऊन उभी राहायची, म्हणून मी तिला न्यायचे. ती थारोळ्यापासून पाण्याबरोबर निघायची, सगळ्यांच्या वाफ्यांवरून खाली यायची, आणि टोकाला पोचली की वाकून ओंजळ भरायची. मुकुंदा असताना ती ओंजळ त्याच्या हातांवर ओतली जायची आणि तो गारव्याने किंचाळून हसायचा. तो त्यांचा दोघांचा रोजचा खेळ होता. आम्ही कोणी त्यात नव्हतो. आता ती ओंजळ घेऊन त्या रिकाम्या जागेपाशी उभी राहायची. पाणी बोटांतून गळून जायचं. ती पुन्हा भरायची, पुन्हा उभी राहायची. रडत नव्हती, कान दाबत नव्हती. मी म्हणायचे, ताई, चाल. ती हलायची नाही. मी हात पुढे केला तर माझ्या हाताकडे बघायचीही नाही.

एका सकाळी गोदाआजी खाली आल्या. त्या बहुधा बरेच दिवस वरून पाहत होत्या. त्या खाली बसल्या आणि आपला सुरकुतलेला तळवा त्यांनी इंदूताईपुढे धरला. ताईने त्यांना वळसा घातला. गोदाआजी गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चालायला लागल्या. त्या आपल्या वाफ्याकडे न जाता गावाकडे निघाल्या. मीही धावत मागे गेले. त्या सरळ आमच्या घरात शिरल्या. मुकुंदा आजारी असताना त्या आल्या होत्या त्या औषधासाठी. आज त्या मायच्या समोर जमिनीवर बसल्या.

“पोरगी हातात पाणी घेऊन उभी राह्यते वो,” त्या म्हणाल्या. “रोज उभी राह्यते. माह्या हातावर टाकत नाई. सुमीच्या टाकत नाई. तू चाल.”

माय जागची हलली नाही. गोदाआजी पुढे सरकल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “म्याच म्हनलं होतं, लेकरं आणू नका म्हणून. आता म्याच सांगून राह्यली. चाल.”

माय उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि आमच्याबरोबर आली. वाडीतल्या बायांनी निंदण थांबवून तिला वाट दिली. ती उतारावरून खाली गेली. त्या खड्ड्याकडे तिने पाहिलं की नाही मला सांगता येणार नाही. ती त्याच्या कडेला, मातीच्या कट्ट्यापलीकडे बसली आणि तिने दोन्ही हात पसरले. इंदूताईने ओंजळ भरली. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती, मायच्या तोंडाकडे न बघता, हातांकडे बघत. मग तिने पाणी ओतलं. माय ओरडली नाही, हसली नाही. ताईने पुन्हा भरून आणलं, पुन्हा ओतलं. असं बराच वेळ चाललं. वरून कोणीतरी आपला वाफा बंद करून सगळं पाणी खाली सोडून दिलं होतं.

हंगामाच्या शेवटी वाडीत गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा स्वयंपाक झाला. सगळ्या वाफ्यांतली वांगी एका मोठ्या गंजात शिजत होती. आधी बाबांना विचारायला माणसं आली होती, या वर्षी राहू द्यायचं का म्हणून. मायने आतून सांगितलं, करा. गावच्या पंगतीत आम्ही सगळे मिळून बसलो ते तेव्हा पहिल्यांदा. ताईला गर्दी सोसत नव्हती म्हणून तिचं पान टोकाकडे बांधावर वाढलं होतं. जेवणं झाल्यावर यमुना बाळाला घेऊन आली आणि तिने ते मायच्या मांडीवर ठेवलं. गोदाआजी समोरच होत्या. मायचा हात आपोआप बाळाच्या मानेखाली गेला. त्या बाळाची मान तशीही धरावीच लागत होती, कोवळंच होतं ते. पण मायचा हात ज्या सवयीने गेला ती सवय दुसऱ्या मुलाची होती. यमुनेला ते कळलं असावं. तिने बाळ लवकर परत मागितलं नाही.

वाडी पुढे काही हिवाळे टिकली. नंतर बाबांची तळेगावला बदली झाली, दाजीबा वारले. आता तिथे घरं झाली आहेत. इंदूताई आधी माय-बाबांजवळ आणि बाबा गेल्यावर मायबरोबर माझ्याकडे राहिली. आमच्या अंगणातल्या नळाला पाइप लावला की ती झाडांमधून पाण्याबरोबर चालायची. केस पांढरे झाले तरी चालायची. ती गेली तेव्हा शंभर मैलांवरून यमुनेचा तो मुलगा आला होता. तोही म्हातारा झाला होता.

माय तिच्या आधी गेली. शेवटच्या हिवाळ्यात ती उन्हात खाट टाकून बसायची. अशाच एका सकाळी, मी तिच्या केसांना तेल लावत असताना, तिने मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“सुमे, तो भुईचाच गारवा होता काय वं?”

मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. छाती कमजोर होती, कधीतरी हे व्हायचंच होतं. ती म्हणाली, मलेही सांगतलं होतं त्यायनं. मला वाटलं विषय संपला. मी वेणी घालायला घेतली.

“समज, भुईचाच होता,” ती म्हणाली. “समज, मले आधी कोणी सांगतलं असतं. तरी म्या त्याले बसोलं असतं.”

एवढं बोलून ती रडायला लागली. मुकुंदा गेला तेव्हा ती रडली नव्हती. मी वेणी अर्धी सोडून तिच्या पाठीशी बसून राहिले, ऊन खाटेवरून सरकून जाईपर्यंत.